डास आणि माकडे: एका संशोधकाचा प्रभाव नेमका कसा पाहावा?

आपण विचारले आहे की, इंडियाना विद्यापीठातील मॅथ्यू हान यांच्या नावावर एकीकडे नरवानर गणातील प्राण्यांच्या आणि दुसरीकडे मलेरिया पसरवणाऱ्या डासांच्या जीनोमवरचे (म्हणजे संपूर्ण डीएनएवरचे) निबंध दिसतात. इतक्या दूरच्या दोन प्राणिगटांत एकाच संशोधकाचा प्रभाव खरोखर किती आहे, की मोठ्या संघांच्या निबंधांत नाव असल्यामुळे तो तसा भासतो? पीएचडीचा विषय ठरवण्यासाठी हे समजून घ्यायचे आहे, असेही आपण लिहिले आहे. मी गेली अनेक वर्षे तुलनात्मक जीनोमिक्समध्ये काम करते आणि हान यांच्या गटाने तयार केलेल्या पद्धती व त्यांचे युक्तिवाद माझ्या रोजच्या वापरातले आहेत, म्हणून जरा विस्ताराने उत्तर देते.

आपल्या प्रश्नात दोन प्रश्न मिसळलेले आहेत. एक मोजणीचा आहे: निबंध किती, उद्धरणे किती, निर्देशांक किती. दुसरा परिणामाचा आहे: या माणसाने काम केले नसते, तर आज आपण जीनोमची माहिती वेगळ्या रीतीने वाचत असतो का? पुरस्कार समितीला पहिल्या प्रश्नाचे उत्तर काही अंशी पुरते. पीएचडीचा विषय निवडणाऱ्याला ते पुरत नाही, कारण त्याला पुढची चार-पाच वर्षे त्या विचारपद्धतीत घालवायची असतात. त्यामुळे उत्तर कुणासाठी हवे आहे यावर ते बरेच अवलंबून राहते, आणि मी पुढे जे लिहिते ते आपली गरज समोर ठेवून लिहिते.

आकड्यांचा विषय आधी संपवते. एच-निर्देशांक (किमान तितक्याच वेळा उद्धृत झालेल्या निबंधांची संख्या) ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये मांडली. एकाच विद्याशाखेतील, साधारण एकाच वयाच्या संशोधकांची ढोबळ तुलना करायला ती बरी आहे. जीनोमिक्समध्ये मात्र एका प्राण्याच्या जीनोमवरच्या पहिल्या निबंधाला लेखकांची प्रचंड मोठी यादी असते आणि त्या प्राण्यावर काम करणारा प्रत्येक जण तो निबंध उद्धृत करतो. ऱ्हीसस मकाकचा जीनोम एप्रिल २००७ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे नेतृत्व ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमधील रिचर्ड गिब्ज यांच्याकडे होते, आणि ज्या मादीचा डीएनए वापरला ती भारतीय वंशाची होती. हान त्या संघात होते आणि जनुककुटुंबांच्या (एकाच मूळ जनुकापासून झालेल्या जनुकांच्या गटांच्या) उत्क्रांतीचे विश्लेषण हा त्यांचा भाग होता. त्या निबंधाची सगळी उद्धरणे त्यांच्या खात्यावर मांडणे चूक, आणि त्यांचा वाटा शून्य धरणेही चूक. म्हणून अशा यादीत मी प्रथम पाहते ते हे की, निबंधातला कोणता युक्तिवाद कुणी उभा केला आणि तोच युक्तिवाद त्या व्यक्तीच्या स्वतंत्र, लहान गटाच्या निबंधांत पुढे वाढलेला दिसतो का. हान यांच्या बाबतीत तो स्पष्ट दिसतो.

आता मूळ मुद्दा. डास आणि माकडे यांना जोडणारा धागा प्राण्यांमध्ये शोधला तर सापडणार नाही. तो प्रश्नात आहे. दोन प्रजाती एकमेकींपासून वेगळ्या झाल्या असे आपण म्हणतो, तेव्हा त्यांच्या जीनोममधला प्रत्येक तुकडा तोच इतिहास सांगतो का? सांगत नाही. याला मुख्यतः दोन कारणे आहेत. पूर्वज समुदायात एकाच जनुकाची अनेक रूपे असतात आणि प्रजाती भराभर फुटत गेल्या तर ही रूपे वारसांमध्ये कशीही वाटली जातात; त्यामुळे एखाद्या जनुकाचा वंशवृक्ष प्रजातींच्या वंशवृक्षाशी जुळत नाही. दुसरे कारण संकराचे आहे. वेगळ्या झालेल्या प्रजातींमध्येही अधूनमधून संकर होतो आणि एकीचे जनुक दुसरीत कायमचे वस्तीला येते. विसंगती दिसली की ती यांपैकी कोणत्या कारणाने आली, हे ओळखण्याची शिस्त निर्माण करणे हे या क्षेत्रातले गेल्या दोन दशकांतले मोठे काम आहे, आणि हान यांचा प्रभाव मला सर्वाधिक तिथे जाणवतो.

याचे सर्वोत्तम उदाहरण डासांचे आहे. आफ्रिकेत मलेरिया पसरवणारा अ‍ॅनोफिलिस गॅम्बिए हा एकटा डास नसून दिसायला सारख्या अशा अनेक भगिनी प्रजातींचा समूह आहे. त्यातले गॅम्बिए, कोलुझ्झी आणि अरेबिएन्सिस हे माणसांत मलेरियाचे प्रमुख वाहक आहेत, तर क्वाड्रिअ‍ॅन्युलेटस मुख्यतः जनावरांना चावतो आणि वाहक मानला जात नाही. गॅम्बिएचा जीनोम २००२ मध्ये आला. पण या समूहातील नाती त्यानंतरही बरीच वर्षे सुटली नव्हती. जानेवारी २०१५ मध्ये ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन निबंध आले. एक १६ अ‍ॅनोफिलिस प्रजातींच्या जीनोमचा. दुसरा या भगिनी प्रजातींच्या नात्यांचा. त्याचे पहिले लेखक मायकेल फोंतेन आणि ज्येष्ठ लेखक नोरा बेसान्स्की व हान.

या दुसऱ्या निबंधातला युक्तिवाद आपण सावकाश वाचावा अशी माझी आग्रहाची सूचना आहे. जीनोमचे तुकडे पाडून प्रत्येकाचा वंशवृक्ष काढला, तेव्हा एक्स सोडून इतर गुणसूत्रांवरील बहुसंख्य तुकड्यांनी अरेबिएन्सिसला गॅम्बिए-कोलुझ्झी जोडीजवळ बसवले. तिन्ही वाहक एकत्र, हे चित्र मनाला पटणारेही होते. एक्स गुणसूत्राने मात्र अरेबिएन्सिसला क्वाड्रिअ‍ॅन्युलेटसजवळ बसवले. कौल घ्यायचा झाला तर एक्स गुणसूत्र अल्पमतात होते. लेखकांनी मतमोजणी न करता वय पाहिले. संकरातून आलेला तुकडा प्रजाती फुटल्यानंतर आलेला असतो, त्यामुळे त्याच्यातील फाटा तुलनेने अलीकडचा दिसतो. ज्या तुकड्याने सीमा ओलांडलेली नाही, त्यातले फाटे जुने असतात. एक्सवरचे फाटे जुने निघाले. म्हणजे प्रजातींचा खरा इतिहास एक्सवर टिकून होता आणि इतर गुणसूत्रांवरील बहुमत हे संकराचे फळ होते. जीनोमचा फारच थोडा भाग, तोही मुख्यतः एक्सवरचा, प्रजातींच्या सीमा न ओलांडता राहिला आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता. प्रमुख वाहक परस्परांचे सर्वांत जवळचे नातलग नाहीत, हे त्यातून पुढे आले.

हा निष्कर्ष शेवटचा शब्द ठरला का? तसे म्हणता येणार नाही. २०१८ मध्ये दुसऱ्या गटाने वेगळ्या संख्याशास्त्रीय पद्धतीने हीच माहिती पुन्हा तपासली आणि वंशवृक्षातील काही फाट्यांची मांडणी वेगळी सुचवली. अरेबिएन्सिस आणि गॅम्बिए-कोलुझ्झी यांच्यातली जनुकांची देवाणघेवाण मात्र त्यांनाही दिसली. माझ्या मते हेच प्रभावाचे लक्षण आहे. वाद झाला तो नेमक्या तपशिलावर झाला, आणि ‘बहुसंख्य जनुके म्हणतात तोच इतिहास’ या गृहीतकाकडे कुणी परत गेले नाही.

याचा व्यवहारातला अर्थही मोठा आहे. कीटकनाशकाला दाद न देण्याची क्षमता देणारे जनुक एका प्रजातीत उगम पावून दुसरीत जाऊ शकत असेल, तर मच्छरदाण्यांचे धोरण एकेका प्रजातीचा सुटा विचार करून आखता येत नाही. मालीमध्ये नेमके असे घडल्याचे दुसऱ्या एका गटाने २०१५ मध्ये दाखवले: कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्यांचा वापर वाढला त्याच काळात गॅम्बिएमधला प्रतिकारक्षमता देणारा जनुकखंड कोलुझ्झीमध्ये पसरला. जनुकीय बदल डासांच्या संपूर्ण समुदायात पसरवण्याच्या ज्या योजना आज चर्चेत आहेत, त्यांच्या जोखमीच्या मूल्यमापनातही हाच प्रश्न पहिला येतो: सोडलेला बदल एका प्रजातीत थांबेल का?

नरवानर गणात हीच समस्या वेगळ्या वेशात येते. गोरिलाचा जीनोम २०१२ मध्ये आला तेव्हा दिसले की, जीनोमच्या सुमारे ३० टक्के भागात गोरिला माणसाला किंवा चिंपांझीला इतका जवळचा आहे, की माणूस आणि चिंपांझी तिथे एकमेकांना तितके जवळचे नाहीत. हे संकरामुळेच झाले असे मानण्याचे कारण नाही. पूर्वज समुदायातील रूपांच्या वाटणीने ते समजते. हान यांच्या गटाने २०२० मध्ये तीन नवे जीनोम जुन्या २३ जीनोमांबरोबर घेऊन २६ नरवानर प्रजातींचा वंशवृक्ष १,७३० जनुकांवरून मांडला. बहुतेक ठिकाणी विसंगती केवळ वाटणीने समजते आणि काही ठिकाणी प्राचीन संकराची खूण स्पष्ट दिसते, असा भेद त्यांनी केला. येथेही संख्येपेक्षा तो भेद कसा केला हे महत्त्वाचे आहे: तीन प्रजातींचे तीन वृक्ष शक्य असतात; केवळ वाटणीचा परिणाम असेल तर दोन्ही अल्पमतातील वृक्ष सारख्याच प्रमाणात दिसायला हवेत, त्यांपैकी एकाचे पारडे जड झाले, तर संकराची शंका घ्यायची. डासांवर घडवलेली आणि तपासलेली दृष्टी माकडांवर, आणि माकडांवरची डासांवर, अशी ही ये-जा आहे. दोन क्षेत्रांत नाव असण्याचे कारण त्यात सापडते.

दुसरा धागा जनुककुटुंबांचा. जनुकांच्या प्रती वाढतात, नाहीशा होतात. हा वेग मोजण्यासाठी हान आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक संख्याशास्त्रीय प्रतिमान मांडले आणि २००६ मध्ये ‘कॅफे’ नावाची संगणकप्रणाली उपलब्ध केली. त्याच वर्षी त्यांनी लिहिले की, माणूस आणि चिंपांझी यांच्या जनुकांच्या यादीत किमान ६ टक्के फरक आहे, म्हणजे सुमारे २२,००० जनुकांपैकी १,४१८. समान जनुकांच्या डीएनएतला अक्षरांचा फरक त्या मानाने जेमतेम दीड टक्का आहे. १६ डासांच्या निबंधातही जनुके मिळवण्याचा व गमावण्याचा वेग फळमाश्यांपेक्षा जास्त असल्याचे दाखवताना हीच विचारसरणी वापरली गेली. आज कोणत्याही नव्या प्राण्याचा किंवा वनस्पतीचा जीनोम प्रसिद्ध होतो, तेव्हा त्यात जनुककुटुंबांच्या वाढीचा परिच्छेद असतो आणि पुष्कळदा त्यामागे हीच प्रणाली असते.

इथे मला थोडे कठोर बोलायचे आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या कामात मी हे सतत पाहते. प्रणाली चालवणे सोपे असल्यामुळे अनेक जण अर्धवट जुळवलेल्या (डीएनएच्या वाचलेल्या लहान तुकड्यांतून जोडलेल्या) जीनोमवर ती चालवतात आणि ‘अमुक कुटुंब विस्तारले’ असे जाहीर करतात. जुळणी कच्ची असेल तर एक जनुक दोन तुकड्यांत मोजले जाते, किंवा दोन जवळच्या प्रती एकच समजल्या जातात. हा इशारा सर्वांत स्पष्ट शब्दांत कुणी दिला? हान यांच्याच गटाने, २०१४ मध्ये: कच्च्या जुळणीत ४० टक्क्यांहून अधिक जनुककुटुंबांतील संख्या चुकीची निघू शकते. त्याआधी २०१३ मध्ये प्रणालीच्या नव्या आवृत्तीत अशा चुकांचा अंदाज घेण्याची सोय त्यांनी केली होती. २००६ चा ६ टक्क्यांचा आकडाही त्या वेळच्या चिंपांझी जीनोमच्या दर्जाशी बांधलेला आहे, हे लक्षात ठेवूनच मी तो वाचते आणि विद्यार्थ्यांनाही तसाच वाचायला सांगते. कुणी जनुककुटुंब वाढल्याचे सांगितले की मी आधी जुळणीचा दर्जा विचारते, मग त्या जनुकांवरील वाचनांची घनता (तो भाग किती वेळा वाचला गेला ते) पाहते, आणि वाढीमागच्या जीवशास्त्राची चर्चा त्यानंतरच सुरू होते.

आता ज्या प्रकरणावरून मी या संशोधकाचे मोल सर्वाधिक मानते, ते सांगते. २००५ मध्ये टर्नर, हान आणि नुझ्दिन यांनी गॅम्बिए डासाच्या त्या वेळी एम आणि एस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन रूपांची तुलना केली. (एम रूपालाच २०१३ मध्ये कोलुझ्झी हे प्रजातीचे नाव मिळाले.) जीनोम जवळपास सर्वत्र सारखा आणि मोजक्या लहान भागांत मात्र ठळक फरक, असे त्यांना दिसले. या भागांना त्यांनी प्रजातीनिर्मितीची बेटे म्हटले. कल्पना अशी की, बाकी सगळीकडे जनुके मुक्तपणे मिसळत आहेत आणि फक्त या बेटांवर नैसर्गिक निवडीमुळे ती अडवली जात आहेत. कल्पना इतकी आकर्षक होती, की पक्षी, मासे, फुलपाखरे, सूर्यफूल, जिथे तिथे बेटांचा शोध सुरू झाला. उद्धरणांच्या भाषेत हे मोठेच यश होते.

पण बेट ओळखायचे कसे? त्यासाठी बहुतेक जण एफएसटी हे माप वापरत. ते सापेक्ष माप आहे: दोन समुदायांतील फरक एकूण विविधतेच्या प्रमाणात मोजते. समुदायाच्या आतली विविधता कमी झाली की, दोन समुदायांतला प्रत्यक्ष फरक तितकाच असूनही एफएसटी फुगतो. गुणसूत्रबिंदूजवळ (गुणसूत्राच्या कंबरेजवळ) जोडीतल्या गुणसूत्रांमधली जनुकांची अदलाबदल कमी असते. तिथे निवडीचा हात फिरला की आजूबाजूची विविधताही पुसली जाते, आणि डासांमधली मोठी बेटे नेमकी त्याच भागांत होती. २०१० मध्ये संपूर्ण जीनोम वाचल्यावर या दोन रूपांमध्ये फरक सर्वत्र पसरलेला आहे असेही दिसले होते. २०१४ मध्ये क्रुकशँक आणि हान यांनी निरनिराळ्या प्राण्यांवरची प्रसिद्ध झालेली माहिती पुन्हा तपासली. खरोखर जनुकप्रवाह (समुदायांमधली जनुकांची ये-जा) अडवणारे बेट असेल तर तिथला निरपेक्ष फरक (विविधतेच्या प्रमाणात न मोजलेला, दोन समुदायांतला प्रत्यक्ष फरक) बाकी जीनोमपेक्षा जास्त हवा. तो तसा दिसला नाही. बेटे कमी विविधतेमुळे दिसत होती, कमी जनुकप्रवाहामुळे नव्हे, असे त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच सांगितले.

ज्या कल्पनेने स्वतःला नाव मिळवून दिले, तिच्या पुराव्याची पद्धत अपुरी आहे हे दाखवणारा निबंध त्याच संशोधकाने लिहावा, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यानंतर या विषयावरील कोणत्याही निबंधात केवळ एफएसटीचा आलेख देऊन भागत नाही. निरपेक्ष फरक आणि अदलाबदलीचा वेग हेही द्यावे लागतात. परीक्षक म्हणून मी स्वतः ते मागते. याचा अर्थ अशी बेटे कुठेच नसतात असा नाही, तर ती सिद्ध करण्याचा भार वाढला आहे. उद्धरणांची यादी पाहिली तर २००५ आणि २०१४ हे दोन्ही निबंध एकाच खात्यात जमा होतात आणि त्यांतले नाते अदृश्य राहते.

नरवानर गणातील आणखी एक काम थोडक्यात सांगते. माता, पिता आणि पिल्लू यांचे जीनोम वाचून नवी उत्परिवर्तने मोजता येतात. २०१८ मध्ये हान यांच्या गटाने बेलरच्या जेफ्री रॉजर्स यांच्यासह घुबडमाकडात (आओटस) ती मोजली आणि दर पिढीमागचा वेग माणसापेक्षा कमी निघाला. हे माकड लवकर वयात येते. नराच्या जननपेशींना वयात आल्यानंतर विभाजनाला मिळणारा काळ कमी असतो, म्हणून उत्परिवर्तनेही कमी साचतात, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. दोन प्रजाती कधी वेगळ्या झाल्या याचा काळ आपण उत्परिवर्तनाच्या वेगावरूनच काढतो, त्यामुळे नरवानरांच्या कालमापनावर याचा थेट परिणाम होतो.

तेव्हा कोणत्याही संशोधकाच्या बाबतीत आपण काय पाहावे? त्याच्या निबंधांना उद्धृत करणारे काही अलीकडचे निबंध उघडा आणि उद्धरण प्रस्तावनेत आहे की पद्धतीच्या भागात, हे पाहा. प्रस्तावनेतले उद्धरण बहुधा शिष्टाचाराचे असते; पद्धतीतले उद्धरण म्हणजे त्या कामावाचून पुढचे काम झाले नसते. मग त्याच्या प्रसिद्ध दाव्यांची फेरतपासणी कुणी केली आणि तो त्या चर्चेत कसा वागला, हे शोधा. त्याच्या गटातून बाहेर पडलेले विद्यार्थी आज स्वतंत्र प्रश्न विचारत आहेत का, हेही पाहा. ही माहिती कोणत्याही निर्देशांकात येत नाही.

विषय निवडण्याबद्दल आपण विचारले, म्हणून आपल्याकडचे दोन प्रश्न सुचवते. भारतात ग्रामीण मलेरियाचा प्रमुख वाहक अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसीस हाही भगिनी प्रजातींचा समूह आहे. मुख्यतः गुणसूत्रांवरील उलटलेल्या खंडांवरून त्याच्या ए, बी, सी, डी आणि ई अशा पाच प्रजाती ओळखल्या गेल्या आहेत आणि त्यांतली बी ही कमकुवत वाहक मानली जाते. क्वाड्रिअ‍ॅन्युलेटस आणि अरेबिएन्सिस यांच्याबाबत जो प्रश्न विचारला गेला, तो जसाच्या तसा येथे विचारता येतो: वाहक प्रजाती परस्परांच्या जवळच्या आहेत, की वाहकपणाचे गुण सीमा ओलांडून आले आहेत? दुसरा प्रश्न माकडांचा. ऱ्हीसस मकाक उत्तरेत आणि बॉनेट मकाक दक्षिणेत, अशी साधारण विभागणी आहे. पश्चिमेकडे तापी आणि पूर्वेकडे गोदावरी ही त्यांची सीमा मानली जात आली आहे आणि ऱ्हीसस दक्षिणेकडे सरकत असल्याचे दिसले आहे. जिथे दोघांची गाठ पडते तिथे जनुकांचे काय होते, हे पाहण्यासारखे आहे.

सुरुवात म्हणून २०१५ चा भगिनी प्रजातींचा निबंध, मग २००५ आणि २०१४ चे बेटांवरचे दोन्ही निबंध लागोपाठ, आणि त्यानंतर २०२० चा नरवानरांचा निबंध या क्रमाने वाचा. २०१५ च्या निबंधात फाट्यांच्या वयावरून निष्कर्ष काढला आहे, तो भाग आकृत्या समोर ठेवून स्वतःच्या शब्दांत लिहून पाहा. कुठे अडलात तर नेमका परिच्छेद इथे कळवा, मी त्यावर लिहीन.